१६०० एक्सचा मायक्रोस्कोप, सराफ्यातलं भिंग आणि कपाटातला नकली विंचू

पाचपैकी दोन स्टार देतोय. त्यातला एक मायक्रोस्कोपला, आणि दुसरा खरं सांगायचं तर त्या प्राण्याला ज्याच्यासाठी हा घेतला होता, त्याने बिचाऱ्याने शेवटपर्यंत साथ दिली.

घेतला कशाला ते आधी सांगतो, नाहीतर म्हणाल चाळिशी उलटल्यावर याला काय सुचलं. माझी भाची इथेच इंदूरला झूलॉजीत एमएस्सी करतेय, तिला सेमिनारला विषय आला गुहेत राहणारा स्यूडोस्कॉर्पियन. मला वाटलं काहीतरी कॉम्प्युटरचं असेल. ती म्हणाली, मामा, नकली विंचू, विंचवासारखा दिसतो पण शेपूट नाही आणि नांगी नाही. आई बाजूला मटार सोलत बसली होती, ती म्हणाली, अगं आत्ताच तर म्हणालीस दोन मोठ्या नांग्या असतात. आता मराठीत खेकड्याची पण नांगी आणि विंचवाची पण नांगी, त्यामुळे पुढची दहा मिनिटं कुठली नांगी आहे आणि कुठली नाही यातच गेली. शेवटी ठरलं की पुढच्या बाजूचे ते चिमटे म्हणायचे आणि मागचा डंख, तो याला नाहीच. मी पण खाली चिमटेच लिहितोय.

तिने जी जात घेतली होती तिचं नाव निओबिसियम स्पेलियम. स्लोव्हेनियात पोस्तोयना म्हणून मोठी गुहा आहे तिकडची, १८४७ साली शिओड्टे नावाच्या डॅनिश माणसाने तिचं वर्णन केलं. म्हणजे इकडे होळकरांचं राज्य चालू होतं तेव्हा तिकडे कोणीतरी मशाल घेऊन अंधारात काही मिलिमीटरचा प्राणी शोधत फिरत होता, मला या गोष्टीचं फार कौतुक वाटतं. या प्राण्याला डोळेच नाहीत. रंग फिका, हातपाय लांब, चिमटे तर अंगाच्या मानाने भलतेच लांब, आणि सगळा कारभार स्पर्शावर आणि हवेच्या हालचालीवर. भाचीचा एकच प्रॉब्लेम होता, सगळे फोटो दुसऱ्यांचे, स्वतःचं बघितलेलं काही नाही. मॅडमनी विचारलं तू जिवंत कधी पाहिला आहेस का, तर ही गप्प.

मी लगेच उत्साहात म्हणालो चल कुटुमसरला जाऊ, बस्तरची गुहा, मी कॉलेजात असताना गेलेलो. चिंचोळ्या तोंडातून आत उतरायचं, आत घामाघूम, गाईडने टॉर्च मारून डबक्यातला तो डोळे बारीक झालेला मासा दाखवलेला. भाचीने दोन गोष्टी सांगून माझा उत्साह संपवला. एक, पावसाळ्यात ती गुहा बंद असते, आत पाणी भरतं. दुसरी म्हणजे त्या माशाचं शास्त्रीय नाव इंदोरिओनेक्टेस एवेझार्डी, आणि मी इतकी वर्षं सगळ्यांना सांगत आलोय की बघा, इंदोरच्या नावाचा मासा बस्तरमध्ये आहे, ते साफ चूक. ओरिओनेक्टेस नावाचे मासे आधीच होते, हे भारतातले म्हणून पुढे इंडो लावलं, इंदोरचा काही संबंध नाही. छाती फुगवायची एक जागा होती ती पण गेली.

मग दोन दिवसांनी गंमत झाली. आजोबांचं कपाट आहे वरच्या खोलीत, जुने बाइंड केलेले दिवाळी अंक, पोथ्या, खजूरी बाजारातून आणलेली सेकंडहँड पुस्तकं, सगळं कोंबलेलं. शहर स्वच्छतेत नंबर एक येत राहो, त्या कपाटापर्यंत कोणाची गाडी पोचलेली नाही. ओल आली म्हणून मी अंक बाहेर काढत होतो तर एका पानावरून काहीतरी चाललं. तिळाएवढं, चपटं, तपकिरी. आई म्हणाली ढेकूण, चिरड. मी बोट पुढे नेलं तर ते थांबलं, पुढे दोन चिमटे पसरले आणि झटकन मागे गेलं. मागे म्हणजे वळून नाही, तोंड आमच्याकडेच आणि रिव्हर्स गिअर. ढेकूण काही रिव्हर्स जात नाही. भाचीला फोन केला, ती अर्ध्या तासात स्कूटीवर हजर, भिजलेली. होमिओपॅथीच्या गोळ्यांची रिकामी बाटली, त्यात ओल्या टिश्यूचा तुकडा, आणि त्यात हे पाहुणे.

गुहेतला नाही, घरातला, पण खानदान एकच. आणि मग मायक्रोस्कोप हवा म्हणून आम्ही गेलो जेल रोडला.

दुकानाचं नाव लिहीत नाही. दुकानदार फार गोड बोलला, म्हणे भिया, मच्छर रखो तो हाथी दिखेगा, सोलह सौ एक्स है. डबीवर पण मोठ्ठ्या अक्षरात १६०० एक्स. यूएसबीवाला आहे, जाड मार्कर पेनाएवढा, पुढे गोल आठ एलईडी, वायरवर उजेड कमीजास्त करायची चकती, प्लॅस्टिकचं स्टँड, मोबाईलला लावायची पिन वेगळी. १४५० सांगितले, १३०० ला दिला. तिथेच चालू करून दाखव म्हटलं तर त्याने नोट ठेवली खाली, गांधीजींच्या चष्म्याची काडी एकदम झकास दिसली. नोट हलत नाही ना, हे माझ्या डोक्यात तेव्हा आलं नाही.

घरी येऊन पहिलं काम, खरंच किती मोठं दिसतं ते मोजलं, तुम्ही पण हे करा, दोन मिनिटांचं काम आहे. खाली स्टीलची पट्टी ठेवायची, लॅपटॉपवर चित्र फुल स्क्रीन करायचं, आणि स्क्रीनच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत पट्टीवरचे किती मिलिमीटर दिसतात ते मोजायचे. माझ्या स्क्रीनची रुंदी साधारण ३४ सेंटीमीटर, सगळ्यात जवळ नेल्यावर दिसले जेमतेम ३ मिलिमीटर, म्हणजे झाले ११०-११५ पट. थोडं लांब धरलं तर १४ मिलिमीटर दिसतात, म्हणजे २४ पट. मग १६०० कुठून आले? तर तेच चित्र सॉफ्टवेअरने ताणायचं, अजून ताणायचं, आणि मोठ्या टीव्हीवर लावायचं. तसं तर मी लग्नातला फोटो ताणून ताणून १६०० एक्स करू शकतो. आतला कॅमेरा ६४० बाय ४८० चा निघाला, डबीवर २ मेगापिक्सेल लिहिलंय, तो पण ताणूनच. आणि उजेडाची वायरवरची सोडली तर यंत्रावर चकती एकच आहे, ती फोकसची. झूम असं वेगळं काही नाही, प्राण्यापासून किती अंतरावर धरता त्यावर मोठेपणा ठरतो आणि मग चकती फिरवून तेवढ्या अंतराला फोकस लावायचा. हे समजायला मला दोन संध्याकाळी लागल्या, कारण माहितीपत्रक चिनी आणि एका वेगळ्याच इंग्रजीत होतं. मोबाईलचं ॲप तर कॉन्टॅक्ट्सची परवानगी मागतं. नकली विंचू बघायला माझ्या मावशीचा नंबर कशाला पाहिजे? ॲप उडवून टाकलं, लॅपटॉपवरच बघतो.

आता प्राणी. काचेच्या छोट्या वाटीत सोडला आणि एलईडी पूर्ण लावले तर चित्रात आठ पांढरे ठिपके आणि मध्ये एक काळं भूत, एवढंच. त्याची पाठ चकचकीत असते ना, सगळा उजेड परत. मग भाचीने आयडिया केली, बटर पेपरचा गोल तुकडा कापून, मध्ये भोक पाडून एलईडीच्या पुढे चिकटवला, आणि चित्र एकदम बदललं. कोणी हा मायक्रोस्कोप घेतलाच असेल तर एवढं करा, कंपनीने १० पैशाचा कागद लावला असता तर मी अजून अर्धा स्टार दिला असता.

आणि मग जे दिसलं ते खरंच, काय सांगू. अंग पेअरसारखं, मागे रुंद गोल, पट्ट्यापट्ट्यांचं, आठ पाय, पुढे ते दोन चिमटे अंगाच्या लांबीचे. तो चालताना चिमटे पुढे धरून हलवत चालतो, लाइट गेल्यावर आपण अंधारात भिंत चाचपडत जातो ना, डिट्टो तसा. मधेच थांबला, एक चिमटा तोंडाजवळ नेला आणि हळूहळू तोंडातून ओढून साफ केला, आधी एक बोट मग दुसरं, मग दुसरा चिमटा. आई हे बघताना इतकी रंगली की कुकरच्या शिट्ट्या मोजायच्या राहिल्या आणि डाळीचा लगदा झाला.

भाची बाजूला बसून सांगत होती. विष असतं पण ते शेपटीत नाही, चिमट्याच्या बोटात, आणि एवढंसं की आपल्याला काही होत नाही, चावायला आपली कातडी त्याच्या हिशोबात फार जाड. पुस्तकातल्या ज्या बारीक फिकट उवा असतात त्या पकडतो, माइट म्हणजे अगदी बारीक आठ पायांचे किडे ते पकडतो, आत पाचक रस सोडून पातळ झालेलं पिऊन घेतो. रेशीम पण काढतो, पण कोळ्यासारखं मागून नाही, तोंडाजवळच्या अवयवातून, आणि त्याची छोटी खोली बांधून कात टाकायला आत बसतो. मादी अंडी पोटाखाली पिशवीत घेऊन फिरते. आई म्हणाली म्हणजे पुस्तकं खाणाऱ्यांना खातो, मग राहू दे की कपाटात. मी म्हटलं कालपर्यंत तू चिरड म्हणत होतीस.

आता खरी टेस्ट, इथे मायक्रोस्कोप नापास झाला. या प्राण्यांच्या चिमट्यांवर फार लांब आणि बारीक केस असतात, ट्रायकोबोथ्रिया, प्रत्येक केस एका छोट्या खळग्यात बसवलेला, हवा जरा हलली की केस हलतो आणि याला कळतं. जात ओळखताना शास्त्रज्ञ हे केस मोजतात आणि कुठला केस बोटाच्या टोकाकडे, कुठला बुडाकडे, ते बघतात. मोठ्या झालेल्या प्राण्यात बहुतेक वेळा न हलणाऱ्या बोटावर ८ आणि हलणाऱ्यावर ४, असे १२. पिल्लू अंड्यातून निघाल्यावर पहिल्या टप्प्यात फक्त ३ आणि १ असतात, मग प्रत्येक कातीला वाढत वाढत ६ आणि २, ७ आणि ३, आणि शेवटी ८ आणि ४. म्हणजे केस मोजले की वय कळतं, शाळेच्या दाखल्यासारखं. भाचीचं म्हणणं होतं की आपण आपल्याचे मोजून बघू.

साहेब, दोन तास. दोन तास आम्ही तिघं स्क्रीनला डोळे लावून. फोकस चिमट्यावर आला की तो चालायला लागतो, तो थांबला की पंख्याने स्टँड डुलतं, पंखा बंद केला तर आम्ही घामाने निथळतो, फोटोचं बटण मायक्रोस्कोपवरच दिलंय, ते दाबलं की सगळं हलतं. ११० पटीला फोकस इतका पातळ की चिमट्याचं वरचं बोट स्पष्ट तर खालचं धूसर. जास्तीत जास्त मी ४ केस मोजले, भाची म्हणाली ५, आई म्हणाली एक तर टिश्यूचा धागा आहे. सगळे १२ दिसायला चिमटा वेगळा करून, औषधात पारदर्शक करून, स्लाइडवर, कॉलेजच्या खऱ्या मायक्रोस्कोपखाली ठेवावा लागतो, आणि त्यासाठी प्राणी मारावा लागतो. ते आईने साफ नाही म्हटलं, आणि भाचीला पण नको होतं. म्हणून आमच्याचं वय आणि जात दोन्ही गुलदस्त्यात राहिली.

शनिवारी दुकानात परत गेलो. म्हटलं १६०० नाहीये, ११५ आहे, ही बघा पट्टी. तो हसला, म्हणे भाईसाब वो तो कंपनी लिखती है, खुला माल वापस नहीं होता. मी म्हटलं न उघडता कळणार कसं १६०० आहे की नाही. त्याच्यावर त्याने मला चहा पाजला. पैसे नाही, चहा. अर्धा स्टार इथे पण कापला, चहा चांगला होता तरी.

तिथून निघालो तर सराफ्यातून गेलो. रात्रीचा सराफा सगळ्यांना माहीत, भुट्ट्याचा कीस आणि गराडू, पण दिवसा तिथे सोन्याचांदीचं काम चालतं, आणि आमच्या ओळखीचे एक काका आहेत, हिरे बघायचं १० पटीचं भिंग वापरतात, बोटाएवढं, स्टीलच्या खोळीत फिरणारं. त्यांच्याच सांगण्यावरून बाजूच्या गल्लीतून तसलं एक घेतलं, ३५० ला. १० पट ऐकून भाची हसली, १६०० वरून १०.

पण घरी येऊन बघा. भिंग डोळ्याला चिकटवायचं, प्राण्याला नाही, ही पहिली गोष्ट सगळे चुकतात. मग वाटी उचलून जवळ आणायची, साधारण अडीच सेंटीमीटरवर आली की एकदम सगळं लख्ख. खिडकीतला उजेड पुरतो, ना वायर, ना ॲप, तो चालला तर आपण पण वाटीबरोबर चालायचं. अख्खा प्राणी एकाच वेळी दिसतो, पुढचे चिमटे, पाय, मागचे पट्टे, आणि डोक्याच्या बाजूला डोळा, बारीक चमकणारा ठिपका. भाची त्या ठिपक्यावरच अडकली. म्हणाली मामा, माझ्या गुहेतल्याला हाच नाहीये. महिनाभर ती डोळे नाहीत, डोळे नाहीत असं सेमिनारच्या स्लाइडवर लिहीत होती, पण कुठे नाहीत ते तिला आत्ता कळलं. मग मी हलकीशी फुंकर मारली, अगदी हलकी, वाटीच्या काठावरून, आणि त्याने दोन्ही चिमटे आखडून सरळ रिव्हर्स घेतला. केस मोजता आले नाहीत पण केसांचं काम डोळ्यांनी बघितलं.

आईच्या हातात दिलं. तिला आधी काही दिसेना, मग एकदम ओरडली, अगं बाई, हा तर खेकडा आहे! भाची म्हणाली आजी, रॉबर्ट हूक नावाच्या इंग्रज शास्त्रज्ञाने पुस्तक वाचताना पानावर हाच प्राणी पाहिला होता, आणि १६६५ सालच्या आपल्या पुस्तकात त्याने पण खेकड्यासारखा किडा असंच लिहिलंय. आई दोन दिवस ज्याला त्याला हे सांगत होती. हूकच्या मायक्रोस्कोपवर १६०० एक्स लिहिलेलं नव्हतं हे मी आपलं नमूद करतो.

अजून एक गोष्ट त्या संध्याकाळी भाचीने सांगितली ती माझ्या डोक्यातून जात नाहीये. हे घरातले, झाडाच्या सालीतले जे आहेत ना, त्यातले बरेच माशीच्या नाहीतर भुंग्याच्या पायाला चिमट्याने धरून लटकतात आणि दुसरीकडे जाऊन उतरतात, फुकट टेम्पो. म्हणून ते सगळीकडे पसरले. गुहेतल्याला हा टेम्पो नाही. बाहेरचं ऊन, कोरडी हवा त्याला चालत नाही, आतच दमट अंधारात स्प्रिंगटेल नावाचे बारीक उड्या मारणारे किडे नाहीतर माइट पकडायचे, आणि ते जगतात वटवाघळांच्या विष्ठेवर आणि पाण्याबरोबर वाहून आलेल्या काडीकचऱ्यावर. म्हणून कितीतरी जाती अशा आहेत की एकाच गुहेत, फार तर शेजारच्या दोन-चार गुहांत, बाकी जगात कुठेही नाहीत. पोर्तुगालमध्ये अल्गार्व्हला गुहांतून एक मोठा सापडला, टायटानोबोचिका मॅग्ना, तो २०१० मध्ये नोंदला गेला, म्हणजे काल-परवा. तिने फोटो दाखवला, हात म्हणजे काय, दोन काठ्या पुढे धरून चाललाय. मी विचारलं एवढे लांब कशाला, तर म्हणाली लांब हात म्हणजे भक्ष्य लांबूनच कळतं, आणि अंधारात जेवण क्वचित समोर येतं, ते चुकवून चालत नाही.

सेमिनार छान झाला म्हणे. मायक्रोस्कोपचा एक व्हिडिओ वापरला, तो चिमटा साफ करतानाचा, २४ पटीवर घेतलेला, त्या पटीला हे यंत्र खरंच बरं चालतं हे कबूल करतो, म्हणून तो एक स्टार. मॅडमनी परत विचारलं जिवंत पाहिलास का, तर हिने पर्समधून भिंग काढून दाखवलं. माझं भिंग. ते तेव्हापासून परत आलेलं नाही.

पाहुण्यांना चौथ्या दिवशी कपाटात सोडलं, त्याच दिवाळी अंकाच्या बाइंडिंगजवळ, आईने स्वतः. आता ती तिथे कोणाला डांबराच्या गोळ्या ठेवू देत नाही.

तर घ्यायचा असेल तर असं बघा. मुलांना नोट, मीठ, पान, कापडाचा धागा, असं न हलणारं दाखवायचं असेल तर ठीक आहे, पण १६०० एक्सच्या भावाने नका घेऊ, ८००-९०० च्या वर देऊ नका आणि दुकानात जिवंत मुंगी घेऊन जा, नोट नको. जिवंत बघायचं असेल तर दिवसा सराफ्यात जा. आणि कोणाला हाच पाहिजे असेल तर माझा आहे, ७०० ला देतो, बटर पेपर लावलेला आहे, खुला माल वापस नहीं होगा.